जुना टायर तापला की हवेत काय जातं?

सायन-पनवेल महामार्गावरून जाताना पंक्चरच्या दुकानांबाहेर झिजलेल्या टायरांचे ढीग तुम्ही पाहिलेच असतील. जवळच न्हावा शेवा बंदर, त्यामुळे आपल्या नवी मुंबईत ट्रक-कंटेनरची वर्दळ कायमची. मग हे टायर शेवटी जातात कुठे?

आधी टायर म्हणजे काय ते पाहू. टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. त्यात नैसर्गिक आणि कृत्रिम रबर, काजळी (कार्बन ब्लॅक), पोलादी तारा, झिंक ऑक्साइड आणि गंधक असतं. रबर टणक आणि लवचीक व्हावं म्हणून गंधक घालतात. हे गंधक लक्षात ठेवा, पुढे तेच त्रास देणार आहे.

टायरपासून तेल काढण्याच्या पद्धतीला पायरोलिसिस म्हणतात. रायगडातली कोळशाची भट्टी आठवा. लाकूड मातीने झाकून, फार हवा न देता तापवतात, म्हणून त्याची राख न होता कोळसा होतो. तसंच इथे बंद टाकीत हवा न देता टायर साधारण 400 ते 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. रबराच्या लांब साखळ्या तुटतात आणि तेल, वायू, काळी भुकटी व तारा मिळतात.

आता तुम्ही विचाराल, टाकी बंद आहे, मग प्रदूषण कसं? तर असं :

1. सांध्यांतून वायू गळतो. त्यात बेंझिन, टोल्युइन आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो.
2. तो वायू किंवा तेल इंधन म्हणून जाळलं, की गंधकापासून सल्फर डायऑक्साइड बनतो. घसा खवखवतो, दम्याच्या रुग्णाला धाप लागते.
3. टाकी पुरती थंड होण्याआधी उघडली, तर वाफा बाहेर पडतात आणि आग लागण्याचा धोकाही असतो.
4. काळी भुकटी उघड्यावर भरताना बारीक कण उडतात.

बेंझिन आणि धुरातलं बेंझोपायरिन, दोन्ही कर्करोगकारक आहेत. म्हणूनच 2009 च्या राष्ट्रीय मानकांत हवेतल्या बेंझिनची वार्षिक मर्यादा घनमीटरला फक्त 5 मायक्रोग्रॅम आहे.

पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात असे कारखाने आहेत आणि गावकऱ्यांनी धुराबद्दल तक्रारीही केल्या आहेत. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे आलेल्या माहितीनुसार 19 राज्यांतल्या 637 कारखान्यांपैकी 270 नियम पाळत नव्हते. 2022 च्या नियमांनी टायर उत्पादकांवर जुन्या टायरांची जबाबदारी टाकली आणि पायरोलिसिससाठी टायर आयात करायला बंदी घातली.

पण सगळ्यात वाईट म्हणजे उघड्यावर टायर जाळणं. तिथे ना टाकी, ना गाळणी, ना चिमणी! थंडीत रात्री वारा पडतो, जमिनीलगतची गार हवा वर जात नाही आणि धूर आपल्या खिडक्यांपाशीच रेंगाळतो. शेकोटीला किंवा होळीला एक टायर टाकला, तरी शेजारच्या आजोबांना रात्रभर खोकला लागू शकतो.

म्हणून एवढं करा. घरचा जुना टायर बदलताना दुकानदाराला विचारा, हा पुढे कुठे जाणार? कुठे टायर जळताना दिसला तर जवळ जाऊ नका, मोठ्यांना सांगा. ते महापालिकेकडे किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करू शकतात.

विचार करा : टायरमध्ये गंधक नसतंच, तर वरच्या यादीतलं कोणतं प्रदूषण टळलं असतं आणि कोणतं तरीही झालं असतं? उत्तर वहीत लिहा.