गिटारवादन : डाव्या हाताचा अभ्यास

गिटारच्या दांडीवरील तारा पडद्यांपाशी दाबून स्वर निश्चित करणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांना बळ, स्वातंत्र्य व अचूकता यावी, यासाठी करावयाचे पद्धतशीर व्यायाम. अभिजात गिटारवादनात उजवा हात तार छेडून नाद निर्माण करतो. त्या नादाची उंची, त्याचे सातत्य आणि एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाण्यातील सफाई ही मुख्यतः डाव्या हातावर अवलंबून असतात. या व्यायामांना सामान्यतः बोटे बळकट करण्याचे व्यायाम म्हटले जाते. परंतु बळाची वाढ हे त्यांचे केवळ एक अंग आहे. आवश्यक तेवढेच बल योग्य जागी व योग्य क्षणी लावणे आणि काम होताच ते काढून घेणे, हे त्यांचे मुख्य उद्दिष्ट होय.

तंतुवाद्ये व डावा हात : वाद्याच्या घडणीनुसार डाव्या हाताचे कार्य बदलते. मराठवाड्यात येरमाळा (ता. कळंब, जि. धाराशिव) येथील येडेश्वरी, तुळजापूरची भवानी इ. देवींच्या उपासनेत आराधी मंडळींची गाणी म्हटली जातात. अशा गीतांना साथ करणाऱ्या तुणतुण्याची तार खुंटीने एकदा मिळविली, की डाव्या हाताकडे मुख्यतः वाद्य धरण्याचेच काम उरते. देवीच्या भक्तांचे चौंडके डाव्या काखेत धरून त्याच हाताने त्याची तार कमीअधिक ताणतात व त्यामुळे नाद चढतो-उतरतो; येथे सबंध मूठ काम करते. सतारीत प्रामुख्याने तर्जनी व मध्यमा ही बोटे वापरली जातात आणि पडद्यावर दाबलेली तार आडवी ओढून मींड काढली जाते. गिटारमध्ये मात्र तर्जनी, मध्यमा, अनामिका व करंगळी ही चारही बोटे स्वतंत्रपणे आणि पुष्कळदा एकाच वेळी निरनिराळ्या तारांवर ठेवावी लागतात. नित्याच्या व्यवहारात हाताला मूठ आवळण्याची सवय असते. बोटे सुटी सुटी चालविण्याची नसते. डाव्या हाताच्या खास अभ्यासाची गरज यातून उद्भवते.

हाताची रचना : बोटे वाकविणारे प्रमुख स्नायू बोटांत नसून अग्रबाहूत असतात. त्यांच्या कंडरा मनगटातील अरुंद मार्गातून बोटांपर्यंत जातात. मध्यमा, अनामिका व करंगळी यांना वाकविणाऱ्या खोल स्नायूचे भाग एकमेकांशी बरेच निगडित असतात; तसेच बोटे उचलणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर तंतुमय पट्ट्यांनी परस्परांशी जोडलेल्या असतात. तर्जनी व करंगळी यांना उचलणारे स्वतंत्र स्नायू आहेत. अनामिकेला तसा नाही. म्हणून अनामिका ही दुर्बल असण्यापेक्षा परावलंबी आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. व्यायामाने ही रचना बदलत नाही. तिच्या मर्यादेत मेंदूचे बोटांवरील नियंत्रण मात्र अधिक सूक्ष्म होते. मनगट फार वाकविल्यास बोटांची पकड क्षीण होते व कंडरांचे घर्षण वाढते. त्यामुळे मनगट शक्यतो सरळ ठेवून, अंगठा दांडीच्या मागे साधारणतः मध्यमेच्या समोर, हलका टेकविणे इष्ट मानतात.

दाब व अंतर : तार पडद्याच्या लगत मागील बाजूस दाबली असता थोड्या बलाने स्वच्छ स्वर उमटतो, बोट जसजसे मागे सरते, तसतसा अधिक दाब लागतो. हे समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करतात. बोट तारेवर नुसते टेकवून तार छेडीत राहावे व दाब सावकाश वाढवीत न्यावा. प्रथम बद्द आवाज, नंतर खरखर आणि शेवटी स्पष्ट स्वर ऐकू येतो. स्वर स्पष्ट होताच दाब वाढविणे थांबवावे. त्यापुढील दाब व्यर्थ होय. पुष्कळ विद्यार्थ्यांच्या बाबतीत बळाची उणीव नसून बळाचा अपव्यय हीच खरी अडचण असते, हे या प्रयोगाने ध्यानी येते.

बोटांवरील ताण दांडीवरील स्थानानुसारही बदलतो. अभिजात गिटारच्या तारेची कंपनक्षम लांबी बहुधा ६५० मिमी. असते व पडद्यांमधील अंतरे घोडीकडे जाताना कमी होत जातात. पहिल्या व चौथ्या पडद्यांतील अंतर सु. ९८ मिमी., पाचव्या व आठव्यांतील सु. ७८ मिमी., तर नवव्या व बाराव्यांतील सु. ६२ मिमी. भरते. यास्तव चार बोटांचे व्यायाम पाचव्या पडद्यापासून वा त्याच्याही पुढून सुरू करून हात सरावल्यावर एकेक पडदा मागे येणे श्रेयस्कर ठरते. बाराव्या पडद्यावर तारांची उंची सामान्यतः ३ ते ४ मिमी. असते, ती फार अधिक असल्यास दोष हाताचा नसून वाद्याचा असतो व तो कारागिराकडून दूर करून घ्यावा लागतो.

व्यायामांचे प्रकार : तर्जनी ते करंगळी या बोटांना अनुक्रमे १ ते ४ असे अंक देतात. लागोपाठच्या चार पडद्यांवर १-२-३-४ या क्रमाने प्रत्येक तार वाजविणे हा मूलभूत व्यायाम होय. पुढील बोट टेकले तरी आधीचे बोट जागेवरच ठेवतात. त्यामुळे बोटांना तारेजवळ राहण्याची सवय लागते. चार अंकांचे एकंदर २४ क्रम होतात व ते सर्व क्रमाक्रमाने वाजविले जातात. भारतीय संगीतज्ञांना ही कल्पना नवी नाही : तेराव्या शतकातील शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकर या ग्रंथात स्वरांच्या अशाच प्रस्ताराचे विवेचन आहे. फरक इतकाच, की मेरुखंडात स्वरांचे क्रम योजिले जातात, तर येथे बोटांचे.

दुसरा प्रकार जोड्यांचा. २-३, २-४ व ३-४ या जोड्यांना अधिक वेळ देतात. त्यांतही ३-४ ही जोडी सर्वांत कठीण असते. तिसऱ्या प्रकारात उजव्या हाताने एकदाच तार छेडून पुढील स्वर डाव्या बोटाच्या आघाताने किंवा तार खेचून सोडल्याने काढतात. स्पॅनिश परंपरेत यास लिगादो म्हणतात. सतारीतील जमजमा व कृंतन यांच्याशी त्याचे जवळचे नाते आहे. बोटांची तडफ वाढविण्यास हा व्यायाम विशेष उपयुक्त असतो. चौथ्या प्रकारात तर्जनी आडवी ठेवून अनेक तारा एकदम दाबतात. येथे अंगठ्याची चिमट न आवळता बाहूच्या वजनाचा आधार घ्यावा लागतो. स्वरसप्तकांच्या अभ्यासात हाताचे स्थानांतर होते व त्या वेळी बोटे सैल सोडण्याची कला अंगवळणी पडते. हे सर्व व्यायाम मेट्रोनोम या लयमापकाच्या साहाय्याने प्रथम विलंबित लयीत करावयाचे असतात.

परंपरा : माउरो जूल्यानी (१७८१–१८२९) या इटालियन वादकाच्या १८१२ मधील अभ्यासग्रंथात दोन्ही हातांचे व्यायाम अलग केलेले आढळतात. स्पॅनिश वादक फेर्नांदो सोर (१७७८–१८३९) याने १८३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाताची ठेवण व अंगठ्याचे स्थान यांची तर्कशुद्ध मांडणी केली. आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) याची स्वरसप्तकांची पुस्तिका १९५३ मध्ये निघाली आणि तिचा जगभर प्रसार झाला. उरुग्वायचा आबेल कार्लेव्हारो (१९१६–२००१) याने चार अभ्यासपुस्तिकांपैकी दोन डाव्या हातासाठी राखून ठेवल्या. बोटांचे काम बाहूच्या हालचालीपासून वेगळे काढता येत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते.

महाराष्ट्र व गोवा : गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चशी संलग्न शाळांतून पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण रुजले; पणजी येथील कला अकादमीने ते पुढे चालविले. मुंबईत लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणीवार परीक्षांद्वारे अभिजात गिटारचा अभ्यासक्रम परिचित झाला. त्यात स्वरसप्तके व तांत्रिक व्यायाम यांचा अंतर्भाव असतो. मुंबईचेच सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ (१९२७–२०१७) यांनी विकसित केलेल्या जाफरखानी बाजात डाव्या हाताच्या करामतीला मोठे महत्त्व होते. डाव्या हाताची स्वतंत्र साधना ही केवळ पाश्चात्त्य कल्पना नव्हे, हे त्यावरून दिसून येते.

दक्षता : स्नायू थकणे व वेदना होणे यांतील भेद विद्यार्थ्याने ओळखला पाहिजे. थकवा विश्रांतीने लवकर जातो. सांध्यात वा कंडरेत होणारी तीक्ष्ण वेदना, मुंग्या किंवा बधिरता ही इजेची लक्षणे असून त्या वेळी वादन थांबविणे व लक्षणे टिकल्यास वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते. बोटांच्या टोकांवर घट्टे पडणे मात्र स्वाभाविक होय. नवशिक्याने ५ ते १० मिनिटांचे छोटे पाठ विश्रांती घेत करावेत. स्प्रिंगची किंवा रबराची साधने दाबल्याने मुठीचे बळ वाढते, पण बोटांचे स्वातंत्र्य वाढत नाही. जर्मन संगीतरचनाकार रोबेर्ट शूमान (१८१०–५६) याला उजव्या हाताच्या बोटांतील दोषामुळे पियानोवादक होण्याची आकांक्षा सोडावी लागली. बोटांच्या व्यायामासाठी त्याने वापरलेले यांत्रिक साधन हे त्याचे एक कारण सांगितले जाते. तथापि त्याबाबत मतभेद आहेत. अतिसरावाशी निगडित असलेल्या एका मज्जाविकारात बोटे वादनाच्या वेळीच आपोआप आखडतात. त्याने काही वादकांची कारकीर्दही संपुष्टात आणली आहे.

याउलट जँगो राइनहार्ट (१९१०–५३) या जॅझ गिटारवादकाचा डावा हात १९२८ मध्ये आगीत भाजला आणि अनामिका व करंगळी जवळजवळ निकामी झाल्या. त्याने तर्जनी व मध्यमा या दोन बोटांवर आधारलेली नवी वादनपद्धती घडविली आणि तिच्या जोरावर आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळविली. गुरू जवळ नसताना केवळ पुस्तकावरून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही दोन्ही उदाहरणे उद्‌बोधक आहेत. बोटांत किती बळ आहे, यापेक्षा असलेले बळ किती विवेकाने वापरले जाते, यावर वादनाचा दर्जा आणि वादकाच्या हाताचे आरोग्य ही दोन्ही अवलंबून असतात.

पहा : गिटार, चौंडके, तुणतुणे, सतार.