मुक्ती आणि 'इमॅन्सिपेशन'

नाशिकहून विंचूर ओलांडले की पुढे येवला लागते. याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढील वर्षी मे महिन्यात मुंबईस 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण झाले. 'मुक्ती'त मोक्षही आहे आणि बेडी तुटणेही. इंग्रजीत हे दोन्ही अर्थ एका शब्दात मावेनात; म्हणून कोणी 'साल्व्हेशन' लिहिले, कोणी 'इमॅन्सिपेशन'. पहिला शब्द परलोकाचा. दुसऱ्याच्या मुळाशी लॅटिनमधील 'हात' आहे. पुत्राला पित्याच्या सत्तेतून सोडणे, हा त्याचा रोमन कायद्यातील अर्थ. अमेरिकेतील गुलामांना तो १८६३ च्या लिंकनच्या जाहीरनाम्यात लाभला. म्हणजे हात सैल करणारा कोणी धनी त्यात गृहीतच! येवल्याच्या सभेत मात्र सोडवणुकीची याचना नव्हती. सोडून जाण्याचा निर्णय होता.