स्वयंसेवकाचा रकाना

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी पूर्व भारतातील एका नदीकाठच्या जिल्ह्याचा कारभार माझ्याकडे होता. त्या वर्षीच्या पुरात एका गावातील तरुण मंडळाची मुले मदतकार्यात उतरली. त्यांना कोणी बोलावले नव्हते. पण ती नसती तर आमचा शिधा निम्म्या वस्त्यांपर्यंत पोहोचला नसता. बोटीतून तांदळाची पोती उतरवताना त्यांपैकी एकाचा पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. एरवी गवंड्याच्या हाताखाली रोजंदारी करणारा तो तरुण पाच महिने घरी बसून राहिला.

त्याला मदत देण्याचा प्रस्ताव तीन वेळा माझ्या टेबलावर आला. तो सरकारी कर्मचारी नव्हता. त्याला मजुरीवर लावलेले नव्हते, म्हणून कामगार नुकसानभरपाईचा कायदा त्याला लागू होत नव्हता. त्याचे घर उंचवट्यावर आणि कोरडे होते, म्हणून तो पूरग्रस्तही ठरत नव्हता. विहित नमुन्यात त्याच्यासाठी रकानाच नव्हता. अखेर ती नस्ती माझ्याच सहीने बंद झाली आणि कार्यालयातील आम्ही काही जणांनी वर्गणी काढून त्याच्या घरी धान्य पोहोचवले. वर्गणीत माणुसकी होती, पण अशा जखमांची व्यवस्था वर्गणीवर सोपवता येत नाही.

पुढे निवृत्तीनंतर जुने कायदे वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. स्वयंसेवकाची जखम ही आपली जबाबदारी आहे, हे भारतीय राज्यसंस्थेला पूर्वीपासून ठाऊक होते. मात्र ते तिला युद्धकाळातच आठवत असे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, युद्धजखमांविषयी अध्यादेश निघाला. चीनच्या आक्रमणानंतर १९६२ मध्ये आणीबाणीच्या काळातील वैयक्तिक जखमांसंबंधीचा कायदा झाला. त्यात ‘नागरी संरक्षण स्वयंसेवक’ या शब्दांची रीतसर व्याख्या आहे आणि कर्तव्य बजावताना त्याला झालेल्या इजेसाठी साहाय्याची तरतूदही आहे. म्हणजे तेव्हाच्या नमुन्यात तो रकाना होता.

नंतर १९६८ चा नागरी संरक्षण कायदा आला. २०१० मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापनाचाही त्यात समावेश झाला. १९६२ च्या कायद्यातील साहाय्य मात्र त्याच्या नावाप्रमाणेच आणीबाणीच्या कालावधीशी बांधलेले राहिले. स्वयंसेवकाचे कर्तव्य आपण शांतताकाळात आणले. त्याचे संरक्षण युद्धकाळातच ठेवून दिले.

याची सर्वांत ठळक आठवण ऑगस्ट २०१८ मधील केरळच्या महापुराची आहे. राज्य सरकारच्या आकडेवारीनुसार साडेचार हजारांहून अधिक मच्छीमारांनी ६६९ बोटी आणून किमान ६५ हजार लोकांची सुटका केली. समुद्रावरच्या बोटी ट्रकवर चढवून आत आणल्या गेल्या आणि कुंपणांवर, पाण्याखालच्या भिंतींवर आदळून त्यांतील अनेकींचे तळ फुटले. सरकारने प्रत्येक बोटीमागे दिवसाला ३ हजार रुपये, इंधन आणि दुरुस्तीचा खर्च देऊ केला. काही मच्छीमारांनी तर पैसे घेण्यासच नम्र नकार दिला. समुद्रातील मासेमारीसाठी उतरवलेला विमा पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर लागू होतो का, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही आणि विचारणे शक्यही नव्हते. म्हणूनच तो पूर येण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.

शासकीय नियम स्वयंसेवकाला अगदीच विसरले आहेत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत मृतांच्या वारसांना ४ लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य आहे आणि मदतकार्यात गुंतलेल्या व्यक्तींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. जखमींच्या बाबींत मात्र असा उल्लेख नाही. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार आपत्तीत गंभीर इजा होऊन आठवड्याहून अधिक काळ रुग्णालयात राहावे लागले, तर १६ हजार रुपये मिळतात. माझ्या जिल्ह्यातल्या त्या तरुणाला स्वयंसेवक असूनही आपद्ग्रस्त मानले असते आणि आजचे दर लावले असते, तरी पाच महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीच्या बदल्यात त्याच्या हाती एवढेच पडले असते.

विम्याकडे वळलो तरी हीच पोकळी दिसते. २०१५ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आज वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचे संरक्षण देते. इतक्या कमी हप्त्यात यापेक्षा अधिक अपेक्षाही करू नये. पण ती डोळा किंवा हातपाय कायमचा गमावणाऱ्यासाठी आहे. हाड मोडून जुळेपर्यंत ज्याची चूल थंड राहते, त्याला तिच्यातून काही मिळत नाही. मदतकार्यातील दुखापती तर बहुधा याच प्रकारच्या असतात. पाय मुरगळतो, हाड मोडते, साप चावतो, विजेचा धक्का बसतो. माणूस वाचतो, बराही होतो, पण मधल्या काळात त्याचे घर कर्जात बुडते.

देशाने यापूर्वी योग्य पाऊल उचलल्याची उदाहरणेही आहेत. आशा कार्यकर्ती सरकारी व्याख्येनुसार मानद स्वयंसेविका आहे. देशभरात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. मार्च २०२० मध्ये कोविडशी लढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमा कवच जाहीर झाले, तेव्हा आशा कार्यकर्ती आणि इतर स्वयंसेवकही त्यात समाविष्ट केले गेले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत ३५० जिल्ह्यांतील एक लाख स्वयंसेवकांना प्रशिक्षण व साहित्याबरोबरच समूह विम्याचीही तरतूद आहे. मात्र कोविडचे कवच मृत्यूपुरते होते आणि आपदा मित्रांचा विमा तीन वर्षांच्या मुदतीचा. पूर मुदत पाहून येत नाही.

प्रश्नाची दुसरी बाजू स्वयंसेवी मंडळाच्या स्वतःच्या जबाबदारीची आहे. मंडप कोसळून वाटसरू जखमी झाला किंवा महाप्रसादातून विषबाधा झाली, तर भरपाई कोण देणार? भोपाळच्या वायुकांडानंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा झाला. पण तो घातक रसायने हाताळणाऱ्यांपुरता आहे, गर्दी जमवणाऱ्यांना लागू नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेविरुद्धच्या निवाड्याची वसुली संस्थेच्या मालमत्तेतून होते, पदाधिकाऱ्यांच्या घरादारातून नव्हे. नोंदणी नसलेल्या मंडळाला मात्र कायद्याच्या दृष्टीने वेगळे अस्तित्वच नसते. तेथे दावा अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार या हाडामांसाच्या माणसांवर येतो. आपल्या देशातील असंख्य मंडळे, पूजा समित्या आणि लंगर समित्या अशाच चालतात.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे येथे देशाला उपयोगी पडावीत. मुंबईतील जीएसबी सेवा मंडळाने २०२२ च्या गणेशोत्सवासाठी ३१६.४० कोटी रुपयांचा विमा उतरवला, तेव्हा लोकांचे डोळे मूर्तीच्या सोन्याकडे लागले. प्रत्यक्षात दागिन्यांचा वाटा ३१.९७ कोटींचा होता. त्यातील २६३ कोटी स्वयंसेवक, पुजारी, आचारी, वाहनतळावरचे कर्मचारी आणि सुरक्षारक्षक अशा माणसांसाठी होते, तर २० कोटी सार्वजनिक दायित्वासाठी. दुसरे उदाहरण दहीहंडीचे. २०२३ मध्ये राज्य सरकारने प्रत्येकी ७५ रुपयांचा हप्ता भरून ५० हजार गोविंदांचा विमा काढला. मृत्यू झाल्यास १० लाख रुपये. सरकारी तिजोरीतून गेले साडेसदतीस लाख रुपये. हंडी फोडणाऱ्याला जे मिळू शकते, ते पुरात पोती वाहणाऱ्याला का मिळू नये?

पैशांची अडचण फार मोठी नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्य आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीचा १० टक्के हिस्सा पूर्वतयारी आणि क्षमतावाढीसाठी राखून ठेवलेला आहे. स्वयंसेवकांच्या विम्याचा हप्ता ही पूर्वतयारीच होय. खरी अडचण यादीची आहे. १९६२ च्या कायद्यातही जखमी माणूस त्या वेळी नागरी संरक्षण संघटनेचा सदस्य होता, असे प्रमाणित व्हावे लागत असे. विमा कंपनीही तेच विचारते. केवळ विम्यासाठी जमवलेल्या गटाला समूह विमा देऊ नये, असा नियामकाचा दंडक आहे. त्यामुळे अपघात झाल्यावर धावाधाव करून काही साधत नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक तालुक्यात मंडळांच्या, बचत गटांच्या, पोहणाऱ्यांच्या आणि नावाड्यांच्या याद्या तहसील कार्यालयात नोंदवल्या गेल्या, त्यांना साधे ओळखपत्र मिळाले आणि त्या यादीवर एकच समूह अपघात विमा उतरवला गेला, तर बहुतेक काम झाले. त्या विम्यात मृत्यू व अपंगत्वाबरोबर रुग्णालयाचा खर्च आणि घरी बसण्याच्या काळातील साप्ताहिक भत्ता हवाच. ऐनवेळी धावून येणाऱ्या, यादीत नसलेल्या माणसासाठी सरपंच आणि तलाठी यांचा संयुक्त दाखला ग्राह्य धरता येईल.

मंडळांनीही एक पथ्य पाळावे. वर्गणीच्या हिशेबात मंडप, वाजंत्री आणि रोषणाई यांच्या शेजारी विम्याची एक ओळ असू द्यावी. कार्यक्रमाला परवानगी किंवा अनुदान देताना सरकारने ती ओळ तपासावी. लहान मंडळांचा हप्ता स्वतः भरावा. नाहीतर विमा ही परवानगीच्या अर्जाला जोडायची आणखी एक चिठ्ठी होऊन बसेल, हा धोका मी नाकारत नाही.

विमा काढल्याने सेवेचे मोल कमी होते, असे मानणारे अनेक सज्जन मला भेटले आहेत. सेवा निरपेक्ष असावी, हे मान्य. पण निरपेक्षता हा सेवा करणाऱ्याचा गुण आहे. सेवा घेणाऱ्या राज्याने तिच्या आडोशाला उभे राहू नये. तो तरुण आज पन्नाशीच्या आसपास असेल. त्या पायाने थोडा लंगडत असेलही. पुढच्या पुरात तो पुन्हा बोटीवर गेला होता, एवढे मला ठाऊक आहे. त्या वेळीही आमच्या नमुन्यात त्याच्यासाठी रकाना नव्हता.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आणि इतिहासाचे अभ्यासक आहेत.)