टाक्याचा दोरा

चाळीस नंबरचं सूत वीस नंबरपेक्षा बारीक, हे सोलापूरच्या पूर्व भागात मागावर बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. ऑपरेशनच्या दोऱ्याचा हिशोबही असाच उलटा. 2-0 पेक्षा 4-0 बारीक. डोळ्यासाठीचा 10-0 तर जेमतेम 0.02 मिलिमीटर जाडीचा.

ऑपरेशनमध्ये सुताचाही एक काळ होता. दुसऱ्या महायुद्धात जपानचं रेशीम मिळेनासं झालं, तेव्हा अमेरिकेतल्या सर्जनांनी सुती दोऱ्याने टाके घातले. सूत ओलं झालं की उलट बळकट होतं. रेशमाचं तसं नाही.

आज सिव्हिल हॉस्पिटलमध्ये काय किंवा खासगी दवाखान्यात काय, दोरा येतो तो बंद पाकिटात, वाकड्या सुईच्या बुडाशीच घट्ट बसवलेला. सुईला नेढं नाही, त्यामुळे दोरा दुहेरी होत नाही आणि भोक लहान पडतं. जांभळा दोरा दिसला तर तो बहुधा पॉलिग्लॅक्टिन. बारीक तंतू विणून केलेला, त्यामुळे गाठ पक्की बसते. पण तंतूंच्या फटींत जंतूही बसतात. म्हणून घाण जखमेत एकपदरी नायलॉन बरा. निळा पॉलिप्रॉपिलीन रक्तवाहिन्यांसाठी उत्तम, पण निसरडा आणि हट्टी. पाकिटातली वळणं सोडत नाही, गाठी जास्त माराव्या लागतात.

खरी गंमत विरघळणाऱ्या टाक्यांची. जुनं कॅटगट मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्यापासून बनतं. शरीर ते पचवतं, पण किती दिवसांत, ते माणसागणिक बदलतं. शिवाय जखम सुजते. पॉलिग्लॅक्टिन पाण्यानेच तुटतं, म्हणून त्याचा अंदाज बांधता येतो: तिसऱ्या आठवड्याला निम्मी ताकद, सुमारे दहा आठवड्यांत दोरा नाहीसा. कॅटगट स्वस्त आहे, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

घरी सोडताना डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा: टाके विरघळणारे आहेत का, आणि नसतील तर कधी काढायचे? चेहऱ्यावरचे साधारण पाचव्या दिवशी निघतात, सांध्यावरचे दोन आठवड्यांनी. तारीख कागदावर लिहूनच घ्या.