मोटारीची टक्कर-चाचणी आणि प्रवाशांची सुरक्षितता

पेडणे तालुक्यातील धारगळ येथे मोपा विमानतळाचा जोडरस्ता राष्ट्रीय महामार्ग ६६ ला मिळतो. रस्ते रुंद झाले की वाहनांचा वेग वाढतो. अशा वेगात टक्कर झाल्यास आतील माणसाचे काय होईल, हे आधीच कळावे म्हणून प्रयोगशाळेत मुद्दाम टक्कर घडवून आणतात.

१ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे 'भारत एनकॅप' ही मूल्यमापन पद्धती लागू झाली. तीत मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरच्या अडथळ्यावर आदळवतात. हा आघात सुमारे १६ मीटर उंचीवरून, म्हणजे पाच मजली इमारतीवरून पडण्याइतका असतो. आत बसवलेल्या मानवाकृती पुतळ्यांच्या डोके, मान, छाती व पायांवर किती ताण आला, याची नोंद संवेदक घेतात. त्यावरून एक ते पाच तारे दिले जातात.

यामागील तत्त्व साधे आहे. थांबायला अंतर जास्त मिळाले की शरीरावरील बल कमी होते. १० सेंटिमीटरऐवजी ६० सेंटिमीटरमध्ये माणूस थांबला, तर सरासरी बल एक षष्ठांश होते. म्हणून मोटारीचा पुढचा भाग चुरगळणारा, तर प्रवासी बसतात तो सांगाडा भक्कम ठेवतात. पट्टा व हवेची पिशवी याच तत्त्वावर काम करतात.

चाचण्यांचा परिणाम काय झाला? २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातील पाच लोकप्रिय छोट्या मोटारी तपासल्या. प्रौढांच्या सुरक्षिततेत पाचांनाही शून्य तारे मिळाले. २०१८ मध्ये पुण्याजवळील रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात बनून येथेच विकल्या जाणाऱ्या मोटारींत हा मान मिळवणारी ती पहिली होती. निकाल जाहीर होऊ लागल्याने ग्राहक प्रश्न विचारू लागले आणि उत्पादकांना उत्तर द्यावे लागले.

तथापि, तारे म्हणजे अभय नव्हे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. मोटार महागडी होती. परंतु मागच्या आसनावर बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता आणि ते दोघेही दगावले. शिवाय आपले बहुसंख्य विद्यार्थी दुचाकीवरून येतात. दुचाकीला ना चुरगळणारा भाग, ना सांगाडा. तेथे हेल्मेट व मर्यादित वेग हेच संरक्षण.

अध्यापकांनी गतीचे नियम शिकवताना हेच उदाहरण घ्यावे. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे फळ्यावरचे सूत्र विद्यार्थ्याच्या रोजच्या रस्त्याशी जोडले गेले, तर ते त्याच्या जिवाच्या उपयोगी पडेल.