दूध पुरेसे तापले काय? साक्ष प्रकाशाची!

दूध हे पूर्णान्न मानले जाते. परंतु कच्च्या दुधावाटे क्षय व ब्रुसेलोसिस यांसारखे रोगही माणसापर्यंत पोहोचू शकतात. म्हणूनच दुग्धशाळेत दूध ७२ अंश सेल्सिअस तपमानास १५ सेकंद किंवा ६३ अंशांस ३० मिनिटे तापवून त्वरित थंड करतात. यालाच पाश्चरीकरण म्हणतात. मात्र तापविण्यात कसूर राहिली, किंवा गळक्या झडपेतून थोडे कच्चे दूध त्यात मिसळले, तर ते डोळ्यांना वा जिभेला कळत नाही. ही उणीव दुधातीलच एका विकराच्या, म्हणजे एंझाइमच्या, साहाय्याने उघडकीस येते.

विकर म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रियांना वेग देणारे प्रथिन. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर असते. क्षयजंतूंच्या नाशास लागणाऱ्या उष्णतेहून किंचित अधिक उष्णता त्याच्या नाशास लागते. साहजिकच, विकर निष्क्रिय झाले असेल तर ते जंतूही उरले नाहीत, असे मानता येते.

अॅशाफेनबर्ग व म्युलेन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या कसोटीत दुधात पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेटचे रंगहीन, अल्कधर्मी द्रावण मिसळून नळी ३७ अंशांवर ठेवतात. विकर कार्यक्षम असल्यास या द्रव्याचे विघटन होऊन पिवळे पॅरा-नायट्रोफेनॉल मोकळे होते. तुलनेसाठी उकळलेल्या दुधाची नळी शेजारी असते.

पिवळेपणा नेमका किती, हे प्रकाश सांगतो. पिवळा द्रव सुमारे ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा प्रकाश शोषून घेतो. दूध मुळात अपारदर्शक असल्याने त्यातील स्निग्धांश व प्रथिने वेगळी काढून निवळ द्रवातूनच हा किरण सोडतात. दहावा हिस्सा प्रकाश पार झाला तर शोषणांक १, शंभरावा झाला तर २. द्रव विरळ असताना रंगद्रव्य दुप्पट झाले की शोषणांकही दुप्पट होतो. ठराविक वेळात तो किती वाढला, यावरून विकराची क्रियाशीलता ठरते. तपमान व वेळ यांत ढिलाई झाल्यास मात्र आकडा फसवा ठरतो.

या कसोटीलाही मर्यादा आहे. पाश्चरीकरणानंतर अस्वच्छ भांड्यातून शिरलेले जंतू ती दाखवीत नाही. म्हणून दुग्धसंस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी तपासणीच्या नोंदींबरोबरच स्वच्छता व शीतसाखळी यांकडेही लक्ष पुरविले पाहिजे. आणि सुटे, कच्चे दूध घरी उकळूनच घ्यावे, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावे.