भोपळ्याचे घारगे

लाल भोपळा मूळचा अमेरिकेचा. तिकडे त्याचा गर मैद्याच्या पारीत भरून भट्टीत भाजतात व त्यास ‘पाय’ म्हणतात. आमच्या परतुरात घरोघरी भट्टी नाही, कढई आहे; तेव्हा आपले घारगेच बरे.

घारग्यांची सारी मेख पाण्यात आहे. भोपळ्यात सुमारे 90 टक्के पाणीच असते. वरून थेंबही घालावयाचा नाही. भोपळा जून, जाड सालीचा घ्यावा. कोवळा पाणचट निघतो. दोन वाट्या कीस चमचाभर तुपावर झाकून शिजवावा व गरम असतानाच वाटीभर गूळ घालावा. गूळ किसातले पाणी ओढून काढतो आणि सारे पातळ होते. नवशिके येथेच घाबरतात! ते निवू द्यावे. मग मीठ, वेलदोडा आणि मावेल तेवढीच कणीक. कणकेचे माप मला विचारू नये. ते भोपळ्यागणिक बदलते. आमच्या आजीनेही कधी सांगितले नाही.

पीठ घट्ट मळून लगेच थापावे. ठेवले तर गुळामुळे सैल पडते. आच मंद हवी, नाही तर गूळ करपतो आणि घारगा आत कच्चा राहतो. नीट तळलेले घारगे तीन-चार दिवस टिकतात. म्हणूनच परतूर स्टेशनावर मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसणाऱ्याच्या डब्यात आमच्याकडे पोळीआधी घारगे पडतात.